उरलेला ठिपका

आज सकाळी मी बशीत न ओतता, सरळ कपानं चहा प्यायले आणि एक थेंबसुद्धा साडीवर सांडला नाही. ज्यांचे ओठ नीट मिटतात त्यांना हे वाचून हसू येईल. हसा बापडे. वर्षभर मी गळ्याभोवती टॉवेल बांधून चहा पीत होते. अंगणवाडीतल्या पोरांना लाळेरं बांधून मी उभा जन्म खिचडी भरवली, तेच लाळेरं माझ्या गळ्यात आलं होतं.

श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीपासून थोडं आत आमचं गाव आहे. तिथं मी तीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. गाव मला ‘बाई’ म्हणतं. माझं दुखणं आता संपलंय, पण गावात माझी हनुवटी बघून दोघी-तिघी घरी येऊन हळूच विचारून गेल्या. एकीला नाकाचं काही करायचंय, एकीला लेकीच्या चेहऱ्यावरचा डाग काढायचाय. ‘बाई, करू का नको?’ म्हणतात. करू नका असं मी सांगत नाही. चांगलं दिसावं असं वाटण्यात कसला आलाय गुन्हा? मी फक्त माझं काय झालं ते सांगते. सारखं तेच सांगून जबडा दुखायला लागला, म्हणून आता लिहूनच काढते.

झुबे आणि फ्लेक्स

माझ्या आईचे सोन्याचे झुबे माझ्याकडे आहेत. चांगले जड आहेत. पण मांडीवर बसलेलं प्रत्येक पोर आधी बाईचा कान धरतं, आणि तीस वर्षांत माझ्या मांडीवर अख्खं गाव बसून गेलं. डाव्या कानाच्या पाळीचे पार फाटून दोन तुकडे झाले होते आणि उजवी फाटायच्या बेतात होती. मी कानात काही घालणंच सोडून दिलं होतं.

निवृत्ती जवळ आली तशी गावानं सत्काराचं ठरवलं. मला वाटलं, त्या दिवशी तरी आईचे झुबे घालावेत. काष्टीच्या बाजारात एक माणूस बसतो, ‘बिनटाक्याचे कान जोडून मिळतील’ अशी पाटी लावून. तो कसलंसं औषध लावतो आणि बायका रांगेनं कान पुढं करतात. मी नाक मुरडलं. म्हटलं, मी शिकलेली बाई आहे, बाजारात बसलेल्या माणसाकडून कान जोडून घेणार नाही, रीतसर डॉक्टरकडे जाईन. हा तोरा पुढं मला चांगलाच भोवला.

माझा मुलगा महेश नागापूरच्या एमआयडीसीत कामाला आहे. सत्काराच्या फ्लेक्सचं काम त्यानं अंगावर घेतलं होतं. एका संध्याकाळी तो फोन नाचवतच घरात आला.

“आई, बघ कशी दिसतीस! हिरॉईन दिसतीस हिरॉईन!”

फोटोत माझ्यासारखी एक बाई होती. रंगानं उजळ, गालावर एक सुरकुती नाही आणि हनुवटी कोरी. माझ्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते, ओठाखालून सरळ रेषेत खाली उतरलेले. फ्लेक्सवाल्यानं ते पुसून टाकले होते. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच बरं दिसलं असावं.

“ठिपके कुठं गेले रे?” मी विचारलं.

“जाऊ दे की! तू तरी कुठं आवडीनं गोंदलंतंस?”

हे मात्र खरं होतं. मी सात वर्षांची असताना जत्रेत आईनं माझे हात घट्ट धरले आणि गोंदणारीनं सुया टोचल्या. मी आख्खी जत्रा डोक्यावर घेतली होती. मला तेव्हा कुणीच विचारलं नव्हतं. पुढं ट्रेनिंगला नगरला गेले तेव्हा बरोबरच्या मुली हसू नयेत म्हणून मी हनुवटीवर पावडर थापायची. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात अजून नगरच बसलंय.) तेव्हा गोंदणावर माझा फार जीव होता अशातला भाग नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून लोकांना तसंच वाटतं.

सह्या आधी, मजकूर नंतर

महेशनंच दवाखाना शोधला. नगरात, पहिल्या मजल्यावर, आत एसी, भिंतीवर गोऱ्या बायकांचे फोटो. डॉक्टर गोड बोलणारे होते. कान बघून म्हणाले, “काही नाही बाई, छोटंसं असतं. तासाभरात घरी.”

मग काउंटरवरच्या मुलीनं कागदांचा गठ्ठा आणला. सगळा इंग्रजीत होता आणि मधे मधे मोकळ्या जागा सोडलेल्या होत्या. ती एकेक पान उलटून फुल्या मारायला लागली, कुठं कुठं सही करायची ते दाखवायला. तिचं ते रेंगाळणं मला बघवेना. आमच्या अंगणवाडीत रजिस्टरं किती असतात, हे ज्यांनी भरलीत त्यांनाच ठाऊक. पोषण आहाराचं वेगळं, वजनाचं वेगळं, गृहभेटीचं वेगळं. तपासणीला मॅडम येणार म्हटलं की आम्ही आधी सगळ्या पानांवर सह्या मारून ठेवायचो आणि मजकूर नंतर निवांत भरायचो. गावातल्या आयांचे अंगठेसुद्धा महिन्याच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवायचे. तालुक्यात माझ्याइतकं झटपट काम कुणाचं नव्हतं.

मी त्या मुलीला म्हणाले, “आण गं इकडं. सगळीकडं सही करून टाकते. तुमी मागनं भरा सावकाश.”

तिला काय, बरंच झालं. मी दणादण आठ-नऊ सह्या ठोकल्या आणि वर तिला म्हणालेसुद्धा, “असं काम करावं!”

तेवढ्यात महेश डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन आला. दोनच मिनिटं. बाहेर आला तो गालातल्या गालात हसत होता. मी विचारलं नाही.

आत एक इंजेक्शन दिलं आणि मला गुंगी आली. जाग आली तेव्हा दोन्ही कानांना पट्ट्या होत्या. त्या मी हातानं चाचपल्या. मग हात खाली आला तर हनुवटीवरही पट्टी. मला वाटलं, झोपेत कुठं आपटले की काय.

महेश खुर्चीवरून उठला. त्याचा चेहरा दिवाळीसारखा उजळला होता.

“सरप्राईज, आई! ठिपके पन काढून टाकले. आता फ्लेक्सवर हायेस तशीच दिसशील.”

राग आला का? खरं सांगायचं तर तेव्हा नाही आला. पोरानं हौसेनं केलंय असं वाटलं, आणि पोटात कुठंतरी खोल खड्डा पडला. तो कसला हे समजायला मला हॉस्पिटलात जावं लागलं.

‘माहीत न्हाई’

तिसऱ्या दिवशी हनुवटी ठणकायला लागली. चौथ्या दिवशी ती गरम लागायला लागली आणि खालचा ओठ फुगून पुढं आला. महेशनं दवाखान्यात फोन केला. “थोडी सूज येतेच, गोळ्या चालू ठेवा,” असं उत्तर मिळालं. सहाव्या दिवशी भर दुपारी मला हुडहुडी भरली आणि तोंड एक बोटभरसुद्धा उघडेना. सुनेनं, रोहिणीनं, माझ्या कपाळाला हात लावला आणि ती महेशवर ओरडली, “फोन करत बसू नका! गाडी काढा आधी.”

ती माझ्या घरात आल्यापासून आवाज चढवून बोललेली मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकली.

नगरातल्या दुसऱ्या, मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या सिस्टरनं बोटाला टोचून शुगर बघितली. यंत्रावरचा आकडा बघून तिनं माझ्याकडे बघितलं आणि परत एकदा टोचलं. मग डॉक्टर आले. त्यांनी तीन प्रश्न विचारले, आणि मी दातांच्या फटीतून तिन्ही उत्तरं दिली. ते तीन प्रश्न मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“तुम्हाला शुगर आहे, माहीत होतं का?”

“न्हाई.”

“ऑपरेशनच्या आधी तपासली होती का?”

“न्हाई.”

“हनुवटीला नेमकं काय केलं होतं? कापलं होतं, जाळलं होतं, लेझर होतं?”

“माहीत न्हाई.”

पहिल्या दोन उत्तरांची मला भीती वाटली. तिसऱ्याची लाज वाटली. चेहरा माझा, आणि त्यावर काय केलं ते मलाच माहीत नाही! वर्षभर मला तहान तहान व्हायची, रात्री चारदा उठावं लागायचं, ते मी वयावर घालवत होते. गावातल्या गरोदर बायकांना ‘शुगर तपासून घ्या गं’ म्हणून मागं लागणारी मीच. स्वतःची कधी तपासली नव्हती.

डॉक्टर महेशला बाजूला घेऊन बोलले, पण कान तर माझे शाबूत होते. जखमेत पू झालाय, शुगरमुळे तो पसरतोय, रक्तात उतरला तर अवघड आहे. जबड्याच्या हाडापर्यंत गेलाय का, ते बघावं लागेल. महेश भिंतीला टेकून खाली बसला. फ्लेक्स गावात लागला होता त्याच दिवशी. एसटी स्टँडवर मी उजळ, कोऱ्या हनुवटीनं हात जोडून उभी होते, आणि इथं माझ्या हनुवटीला चीर देऊन पू काढायची तयारी चालली होती.

मार्था सिस्टर

त्या वॉर्डात मी नऊ दिवस होते. सकाळी बोटाला टोचायचं, मग पोटात इन्सुलिन, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगची वेळ झाली की मी पांघरुणाचा कोपरा मुठीत धरायची. जेवण म्हणजे नळीनं ओढायचं पातळ वरण आणि ताक. शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांना भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी माझी हनुवटी बघून ‘आई गं’ म्हणायचा आणि मगच त्यांच्याकडे वळायचा.

ड्रेसिंगला मार्था सिस्टर यायच्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, गळ्यात बारीक क्रूस. त्यांची एक सवय होती. काहीही करायच्या आधी त्या सांगायच्या. “बाई, आता पट्टी काढते, जरा चिकटलीय, ओढ बसेल.” “बाई, आता पाणी सोडते, गार लागेल.” एवढंच काय, खाट वर करायची असली तरी, “बाई, डोक्याकडून उचलते हं.”

पहिले दोन दिवस माझं डोकंच उठलं. मनात म्हटलं, बये, कर की एकदाचं, किती बोलतेस! तिसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती आणि दुसऱ्याच कुणीतरी येऊन न बोलता सर्रकन पट्टी ओढली. मी खाटेवरून अर्धी उठले. मग मार्था सिस्टर परत कधी येतात याची मी वाट बघायला लागले. दुखायचं तेवढंच, पण त्यांच्या हाताखाली मला भीती वाटायची नाही.

मला बोलता येत नव्हतं म्हणून रोहिणीनं अंगणवाडीतली पाटी आणि पेन्सिल आणून दिली होती. पाणी, पांघरूण, पंखा एवढंच मी त्यावर लिहायची. महेश दिवसभर खाटेशी बसायचा आणि मी त्याच्यासाठी काहीच लिहायची नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, हाड वाचलंय. महेश ढसाढसा रडला, आणि मला मग त्याचा राग आला. जीव वाचेल की नाही हे कळेपर्यंत रागाला जागाच नव्हती.

मी पाटीवर लिहिलं, ‘मला का नाही विचारलंस?’

त्यानं वाचलं. पाटी खाटेवर ठेवली. मग म्हणाला, “विचारून काय झालं असतं, आई? तू आजवर कशाला न्हाई म्हनलीस का? दादांना न्हाई, सासूला न्हाई, सायबांना न्हाई. मला वाटलं, हिला इच्यारलं तर ही व्हयच म्हननार.”

दादा म्हणजे त्याचे वडील. आता ते नाहीत. मी पाटी परत घेतली आणि लिहिलेलं पुसून टाकलं. पोरगं खोटं बोलत नव्हतं.

कांता

सातव्या दिवशी गावाकडून कांता आली. आमच्याच आळीतली, आता नातवंडांची आजी. येताना किटलीत ज्वारीची आंबील घेऊन आली होती, गाळून, नळीनं ओढता येईल अशी. मी आंबील ओढत होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

“डागदर काय म्हनला हुता वो तुमाला, कान जोडायच्या आदी?”

मी लिहिलं, ‘काही नाही, छोटंसं असतं.’ मग ध्यानात आलं, कांताला वाचता येत नाही. मी दात न उघडता ते बोलून दाखवलं, आणि माझ्या तोंडून ते शब्द बाहेर पडले तसा माझा हात थांबला. कारण हेच शब्द मी कांताला म्हटले होते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी, कुटुंब नियोजनाच्या कॅम्पला तिला मीच जीपमध्ये घालून नेलं होतं. तिच्या नवऱ्यानं हो म्हटलं होतं. तिचा अंगठा मी माझ्या हातानं धरून कागदावर टेकवला होता. ती विचारत होती, “बाई, काय करनारेत?” आणि मी म्हणाले होते, “काही नाही गं, छोटंसं असतं.” त्या महिन्याचं माझं टार्गेट पुरं व्हायला एकच बाई कमी होती.

मी महत्प्रयासानं म्हणाले, “कांता, तुला आठवतंय? मी पण तुला असंच म्हनले हुते.”

“व्हय,” ती म्हणाली. जसं काही आजच सकाळी घडलंय. “आठवतंय की.”

“तुला राग न्हाई आला?”

ती किटलीचं झाकण फिरवत बसली. “दोन लेकरं बास हुती मला बी. मी तसंबी व्हयच म्हनले असते. पर इच्यारलं असतं तर बरं वाटलं असतं, बाई.”

मी रडले. रडताना हनुवटीची जखम ओढली गेली आणि ती दुखली म्हणून आणखी रडले. कांतानं पदरानं माझे डोळे पुसले आणि म्हणाली, “प्या आता गप. गार झाली आंबील.” मी तिची माफी मागितली. ती नुसती ‘हूं’ म्हणाली. त्या ‘हूं’चा अर्थ मी अजून तिला विचारलेला नाही, पण ती अजूनही दर आठवड्याला येते.

पोटातल्या त्या खड्ड्याचं नाव मला कांतानं सांगितलं. ठिपके गेल्याचं दुःख नव्हतंच ते. माझ्या अंगावरचं काहीतरी, मी तिथं असताना, मला सोडून सगळ्यांना विचारून काढलं होतं.

काळी शाई, निळी शाई

घरी आल्यावर पहिल्या दवाखान्याकडून कागद मागितले. महेशला चार वेळा ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलं. पाचव्या खेपेला रोहिणी गेली. डबा घेऊन काउंटरसमोर बसली, तिथंच जेवली, तिथंच हात धुतले, आणि संध्याकाळी कागदांच्या प्रती घेऊनच आली.

महेशनं इंग्रजी वाचून सांगितलं. हनुवटीवरचं गोंदण कापून काढण्यास रुग्णाची संमती आहे. संभाव्य धोके मराठीतून समजावून सांगितले. शुगर नॉर्मल. खाली माझी झोकदार सही. बाजूला नातेवाईक म्हणून महेशची सही, ती बघून तो खाली मान घालून बसला.

मी चष्मा लावून मूळ कागदाचा फोटो बघितला. रोहिणीनं हुशारीनं तोही काढून आणला होता. माझी सही निळ्या बॉलपेनची होती आणि वरचा सगळा मजकूर काळ्या शाईचा, एका बैठकीत, एका हातानं सरसर लिहिलेला. शुगर न तपासताच ‘नॉर्मल’ लिहायला त्यांना कितीसा वेळ लागला असेल? मागनं भरलेलं रजिस्टर मी लांबून ओळखते. पोराचं वजन न करताच वजनाचा रकाना कसा भरतात, ते मला कुणी शिकवायला नको.

नंतर हेही कळलं की ते डॉक्टर प्लास्टिक सर्जरी शिकलेलेच नव्हते. त्यांची पाटी वाचली असती तरी कळलं असतं. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते हात जोडून म्हणाले, “बाई, तुमच्या मुलानंच सांगितलं होतं काढायला.”

“मुलानं सांगितलं, खरंय,” मी म्हणाले. “पन हनुवटी मुलाची नव्हती.”

मी तक्रार केली. लिहिताना महेश शेजारी होता. मी लिहिलं की कोऱ्या कागदांवर मीच घाईनं सह्या केल्या, आणि ‘मागनं भरा’ असं मीच त्या मुलीला म्हणाले. महेश म्हणाला, “आई, ते नको लिहूस. आपलीच बाजू पडंल.” मी म्हणाले, “लिहिणार. खोटी रजिस्टरं बास झाली आता.” तक्रारीची चौकशी चालू आहे, एकदा जबाब देऊन आले. निकाल काय लागायचा तो लागेल. मी तिकडे डोळे लावून बसलेली नाही.

दुसऱ्या वेळची सही

जखम भरली पण व्रण जाड झाला आणि त्यानं खालचा ओठ खाली ओढून धरला. ओठ मिटेनात. पाणी, चहा, आमटी, सगळं हनुवटीवरून ओघळायचं. ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना हवा निसटायची. अंगणवाडीवरून जाताना पोरं ‘बाऽऽई’ म्हणून पळत यायची आणि मला त्यांना बडबडगीत म्हणून दाखवता यायचं नाही. मला त्याचंच जास्त लागायचं.

डॉ. शेख मॅडमकडे मला मार्था सिस्टरनीच पाठवलं. मॅडम खऱ्याखुऱ्या प्लास्टिक सर्जन, भिंतीवर डिग्री, आणि यावेळी मी ती डिग्री स्पेलिंगसकट वाचली. त्यांनी मला लगेच ऑपरेशन करू दिलं नाही. आधी शुगर ताब्यात आणा म्हणाल्या, व्रण मऊ होऊ द्या म्हणाल्या. मधे व्रणात इंजेक्शनं दिली. कित्येक महिने मी गोड सोडलं, रोज ओढ्यापर्यंत चालले, आणि टॉवेल बांधून चहा प्यायले, बिनसाखरेचा.

मग एक दिवस त्यांनी मला समोर बसवलं. महेश आणि रोहिणी मागं. मॅडमनी कागदावर माझी हनुवटी काढली आणि कुठं कापणार, कातडी कशी फिरवणार, ते दाखवलं. ओठ कदाचित पूर्ण मिटणार नाही म्हणाल्या. व्रण परत जाड होऊ शकतो म्हणाल्या. ऑपरेशन नाहीच केलं तर काय होईल, तेही सांगितलं. सगळं मराठीत. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, “आता तुम्ही मला सांगा, मी काय करणार आहे?”

सवयीनं महेशनं तोंड उघडलं. “म्हणजे मॅडम, तो व्रण...”

“तुम्ही नाही,” त्या म्हणाल्या. “बाईंनी सांगायचं.”

मी सांगितलं. दोनदा अडखळले. एकदा चुकलं, ते त्यांनी परत समजावलं. मी आणखी प्रश्न विचारले. अगदी बारीकसारीक, घोरले तर टाके ओढतील का इथपर्यंत. त्यांनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. बाहेर पेशंट खोळंबले होते, त्यांना माझी काय कटकट झाली असेल!

शेवटी त्या पुढं वाकल्या आणि माझ्या हनुवटीखाली हलकेच बोट टेकवलं. “इथं गोंदणाचा एक ठिपका राहिलाय. खालच्या कडेला आहे, आधीच्यांना दिसला नसावा. माझा टाका याच्या जवळूनच जाणार आहे. काढायचा की ठेवायचा? काढला तर मला काम थोडं सोपं जाईल. ठेवला तरी मी करू शकते. तुमचा निर्णय.”

मी मागं वळून बघितलं. महेशचे ओठ हलले आणि त्यानं ते दाबून धरले. तो माझ्याकडेच बघत होता.

सात वर्षांची असताना आईनं हात धरले होते. साठी उलटल्यावर इंजेक्शननं झोपवलं होतं. गोंदताना कुणी विचारलं नाही, पुसताना कुणी विचारलं नाही. त्या ठिपक्याचं काय करायचं, हे कुणीतरी मला पहिल्यांदा विचारत होतं, आणि उत्तर माझ्याजवळ तयार होतं याचं मलाच नवल वाटलं.

“राहू द्या,” मी म्हणाले.

मॅडमनी मराठीतला फॉर्म पुढं केला. मी सगळा वाचला, तिथंच, बोट फिरवत, मोठ्यानं. एक रकाना मोकळा होता, त्यावर मी आडवी रेघ मारली. ‘हनुवटीखालचा ठिपका काढायचा नाही’ हे माझ्या हातानं लिहिलं आणि मग सही केली. एकच सही, पण तिला मला पाऊण तास लागला.

आज सकाळी

ऑपरेशन नीट झालं. टाके निघाले, सूज उतरली, आणि हळूहळू ओठाला ओठ टेकायला लागला. अजून गारठ्यात हनुवटी ताणते आणि डाव्या बाजूला थोडी बधिर आहे. ‘पापड’ म्हणताना कधीकधी फजिती होते. एवढं चालायचं. कान मात्र पहिल्या डॉक्टरांनी झकास जोडलेत, ते मान्य केलं पाहिजे. तक्रारीतही तसं लिहिलंय.

लांबलेला सत्कार येत्या रविवारी आहे. झुबे पेटीतून काढून रिठ्याच्या पाण्यानं घासून ठेवलेत. रविवारी मी भाषण करणार आहे, आणि पहिल्या रांगेत कांताला बसवणार आहे. तिला विचारलंय. ती ‘बघू’ म्हणाली.

आज सकाळी चहाच्या वेळी महेश फोन घेऊन आला. त्यात माझा नवा फोटो होता, त्यानं परवा अंगणात काढलेला. हनुवटीवरचा व्रण दिसत होता, सुरकुत्या दिसत होत्या, मान जरा वर होती म्हणून खालचा ठिपकाही दिसत होता. काही पुसलेलं नव्हतं.

“आई,” तो म्हणाला, “ह्याचा फ्लेक्स लावू का स्टँडवर? तू म्हनशील तसं.”

मी फोटो बघितला. चांगला होता. मग त्या चौकातल्या धुळीत, वाऱ्यानं फडफडत, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघून हात जोडून उभं राहायचं माझ्या डोळ्यांपुढं आलं.

“न्हाई,” मी म्हणाले.

त्यानं ‘का’ म्हणून विचारलं नाही. “बरं,” म्हणाला आणि फोन खिशात टाकला. मग किटली उचलली, माझ्या कपावर धरली आणि थांबला.

“अजून घेनार?”

“घेते की,” मी म्हणाले.